रग्बीतला ऑफसाइड: आधी रेषा शोधा, मग माणूस

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा माझ्या मागच्या रांगेत दोघे बसले होते. प्रत्येक शिट्टीला त्यातला एक म्हणायचा, "अरे, पण मागे अजून दोन डिफेंडर आहेत ना!" बिचारा फुटबॉलचा नियम रग्बीला लावत होता. टीव्हीसमोर बसून हेच करणारे पुष्कळ आहेत. थोडेफार रग्बी खेळलेलेही चुकतात, फक्त त्यांची चूक वेगळी असते: त्यांना एकच रेषा माहीत असते आणि तीच ते सगळीकडे लावतात.

हा लेख पंधराच्या रग्बी युनियनबद्दल आहे. सेव्हन्सलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं. तेराच्या रग्बी लीगचे नियम वेगळे आहेत, ते इथे मिसळू नका.

तयारी

फुटबॉल डोक्यातून काढून टाका. तिथे पास दिला त्या क्षणी कोण कुठे उभा होता हे बघतात, आणि आपल्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड होतच नाही. रग्बीत मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात होतो. पुढे पास देण्याची मुभा मुळातच नसल्यामुळे "पास कधी दिला" या प्रश्नाला इथे काही अर्थ राहत नाही.

मग टेबलावर नाणी मांडा. एका बाजूला रुपयाची सात-आठ, दुसऱ्या बाजूला पाचची तेवढीच, आणि चेंडू म्हणून एक शेंगदाणा. खाली दिलेला प्रत्येक टप्पा नाणी सरकवून पाहा. नुसतं वाचून हा नियम समजल्यासारखा वाटतो, आणि पहिल्याच रकला (जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघ उभ्याने भिडतात तो घोळका) सगळं विसरायला होतं.

शेवटची तयारी म्हणजे एखाद्या सामन्याचं रेकॉर्डिंग. थेट प्रक्षेपण नको, थांबवून मागे नेता आलं पाहिजे.

या लेखात "पुढे" म्हणजे कायम प्रतिस्पर्ध्याच्या गोललाइनच्या दिशेने, आणि "मागे" म्हणजे स्वतःच्या.

टप्पा १: खेळ कुठल्या अवस्थेत आहे ते ठरवा

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढच्या सगळ्या चुका इथूनच येतात. खेळाडूकडे बघण्याआधी स्वतःला विचारा: चेंडू मोकळा फिरतोय, की त्याच्याभोवती माणसं अडकली आहेत?

चेंडू कोणाच्या हातात आहे, हवेत आहे किंवा जमिनीवर घरंगळतोय, तर तो खुला खेळ. टॅकल (चेंडूवाल्याला धरून खाली पाडणं) होऊन चेंडूवर कोणी आलं असेल, किंवा रक, मॉल (चेंडूवाल्याला उभ्यानेच बिलगलेला घोळका), स्क्रम (दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना रेटतात तो) किंवा लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं) चालू असेल तर रेषा ठरलेली आहे. खुल्या खेळात रेषा चेंडूबरोबर सरकते, बाकी ठिकाणी ती माणसांच्या पायांवर किंवा मैदानावरच्या खुणेवर ठरते.

तपासणी: रेकॉर्डिंग कुठेही थांबवा आणि अवस्था मोठ्याने बोला. दहापैकी दहा वेळा बरोबर आली तरच पुढे जा. टॅकल आणि रक यांत गोंधळ झाला तर टप्पा ४ वाचून परत इथे या.

टप्पा २: खुला खेळ

तुमच्या संघातल्या ज्याच्या हातात चेंडू आहे, किंवा ज्याने तो शेवटचा खेळला, त्याच्या पुढे तुम्ही असाल तर तुम्ही ऑफसाइड. खुल्या खेळात नियम एवढाच.

पण ऑफसाइड असणं हा गुन्हा नाही. सामना चालू असताना कोणत्याही क्षणी चार-पाच जण ऑफसाइड असतातच, कारण टॅकलमधून उठून परत यायला वेळ लागतो. ऑफसाइड असताना खेळात ढवळाढवळ केली की गुन्हा होतो: चेंडू खेळला, चेंडूवाल्याला टॅकल केलं, प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभं राहून त्याला हवं ते करू दिलं नाही, किंवा चेंडूच्या दिशेने पुढे निघालात. हात बाजूला घेऊन मुकाट मागे चालणाऱ्यावर पंच शिट्टी वाजवत नाही.

सावधान: "तो ऑफसाइड होता" आणि "त्याला पेनल्टी बसायला हवी" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वाद घालताना पहिलं म्हणायचं आणि दुसरं गृहीत धरायचं, ही प्रेक्षकांची सर्वांत जुनी खोड.

टप्पा ३: किक मारल्यानंतर

तुमच्या फ्लाय-हाफने (संघाचा खेळ चालवणारा, दहा नंबरचा) लांब किक मारली. त्याच्या पुढे असलेले तुमचे सगळे त्या क्षणी ऑफसाइड झाले. आता क्रमाने बघा.

आधी चेंडू कुठे पडतोय किंवा कोण झेलतोय ते बघा. त्या जागेपासून तुमच्या बाजूला १० मीटरवर मैदानाच्या आडवी एक काल्पनिक रेषा ओढा. तिच्या पुढे असलेल्या ऑफसाइड खेळाडूने ताबडतोब मागे फिरायचं. "मी काहीच केलं नाही, नुसता उभा होतो" ही सबब इथे चालत नाही, उभं राहणंच चूक आहे. असे दोघे-तिघे असतील तर चेंडूच्या सगळ्यात जवळ असलेल्याला पकडतात.

या रेषेच्या मागे, पण किक मारणाऱ्याच्या पुढे असलेल्यांनी पुढे सरकायचं नाही. चालत जाणं हेही सरकणंच.

मग सुटका कशी होते? एक तर स्वतः मागे जाऊन ऑनसाइड सहकाऱ्याच्या मागे यायचं. किंवा किक मारणारा, नाहीतर त्याच्या मागून निघालेला एखादा ऑनसाइड सहकारी धावत तुमच्या पुढे गेला की तुम्हीही ऑनसाइड. म्हणूनच विंगर (मैदानाच्या कडेला खेळणारा) जीव तोडून धावतो. चेंडू मिळाला नाही तरी वाटेतल्या सगळ्यांना तो मोकळं करत जातो. दहा मीटरच्या आत अडकलेल्यालाही सहकारी असा सोडवू शकतो, पण प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्याच कृतीने त्याची सुटका होत नाही. किक थेट अंगावर घेऊन अडवली गेली, म्हणजे चार्ज-डाउन झाली, तर हा दहा मीटरचा नियम लागत नाही.

इथे जुनी माहिती फार घात करते. पूर्वी चेंडू झेलणारा प्रतिस्पर्धी ५ मीटर धावला किंवा त्याने पास दिला की पुढे उभे असलेले ऑनसाइड होत. ही पळवाट फ्रान्सच्या अंत्वान द्यूपाँच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२४ च्या सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा) दोन्ही फुलबॅक (सर्वांत मागे थांबणारे) एकमेकांकडे किक मारताहेत आणि मधले वीसेक जण बसस्टॉपवर उभे असल्यासारखे थांबलेत, असं दृश्य दिसलं ते याच पळवाटेमुळे. १ जुलै २०२४ पासून ती बंद झाली. आता पुढे असलेल्यांना मागे फिरण्याचा प्रयत्न करावाच लागतो. त्याआधीचं पुस्तक किंवा व्हिडिओ पाहून शिकला असाल तर हा भाग पुसून टाका.

तपासणी: किकचा प्रसंग थांबवा. चेंडू आणि झेलणारा सोडून द्या, किक मारणाऱ्याच्या पुढे असलेला एकच माणूस निवडा आणि त्याचे पाय बघा. मागे जातायत, थांबलेत, की पुढे येतायत? उत्तर तिथेच असतं.

टप्पा ४: टॅकल आणि रक

बहुतेक शिट्ट्या इथल्याच, त्यामुळे इथे वेळ घालवा.

टॅकल झालं, चेंडूवाला खाली पडला, चेंडू जमिनीवर आला. आता कोणत्याही संघाचा एक जण जरी पायांवर उभा राहून चेंडूवर आला, तर तिथे ऑफसाइडच्या रेषा तयार होतात. दोन्ही संघांचे खेळाडू पायांवर उभे राहून चेंडूवर भिडले की तो रक.

"रेषा" नाही, "रेषा तयार होतात" असं लिहिलंय, ते मुद्दाम. प्रत्येक संघाची स्वतःची रेषा असते आणि ती स्वतःच्याच सर्वांत मागच्या माणसाच्या सर्वांत मागच्या बिंदूतून, गोललाइनला समांतर जाते. नाण्यांनी करून बघा: शेंगदाण्यावर रुपयाची तीन नाणी एका दिशेने, पाचची दोन समोरून. रुपयावाल्यांची रेषा त्यांच्या तिसऱ्या नाण्याच्या मागच्या कडेला, पाचवाल्यांची त्यांच्या दुसऱ्याच्या मागच्या कडेला. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात रकमध्ये असलेल्यांशिवाय कोणी उभं राहायचं नाही. टॅकलच्या वेळी खाली पडलेल्याचे मागे पसरलेले पायही धरले जातात, हे विसरू नका.

आक्रमण करणारे कधीकधी रकच्या मागे एकाला एक चिकटून लांब शेपटी करतात आणि स्क्रम-हाफ (रक-स्क्रममधून चेंडू काढून देणारा) तिच्या टोकाशी उभा राहून उंच किक मारतो. माझ्या ओळखीतल्या अनेकांना वाटतं की यामुळे बचाव करणारे मागे ढकलले जातात. नाही. बचाव करणाऱ्यांची रेषा त्यांच्याच मागच्या पायावर असते, ती जागची हलत नाही. वाढतं ते किक मारणाऱ्यापर्यंतचं अंतर. अर्थात चेंडू मिळण्याजोगा झाल्यावर पंच "यूज इट" म्हणतो आणि मग पाच सेकंदांत तो बाहेर काढावा लागतो.

रकमध्ये सामील व्हायचं तेही आपल्या रेषेच्या मागून. मैदानावर सगळे याला "गेट" म्हणतात. बाजूने घुसलात तर पेनल्टी, मग तुमचा संघ आक्रमण करत असो वा बचाव. आक्रमकांना ऑफसाइड लागत नाही हा समज बराच पसरलेला आहे आणि साफ चुकीचा आहे.

शनिवारी सकाळी मी शाळकरी मुलांच्या सरावाला शिट्टी घेऊन उभा असतो. तिथे एकच चूक वारंवार होते. रकच्या अगदी शेजारी उभा राहणारा, ज्याला पिलर म्हणतात, तो स्क्रम-हाफच्या हातांकडे बघत असतो. हात चेंडूला लागले की याचा उजवा पाय सुटतो. पण हात लागणं म्हणजे चेंडू बाहेर येणं नव्हे. चेंडू रकमधून उचलला जाईपर्यंत थांबायचं असतं. एका मुलाला मी शेवटी सांगितलं, "तू त्याच्या हातांकडे बघूच नकोस, चेंडूखालचं गवत बघ. गवत दिसलं की सूट." त्या दिवसापुरता तरी तो सुधारला.

चेंडूपलीकडे आडवा पडून जो बाजूला होत नाही, त्यालाही पेनल्टी बसते, पण ती ऑफसाइडची नाही, वाटेतून न हटल्याची. दोन्हींची सरमिसळ करू नका.

आणि चेंडूवर कोणीच आलं नाही तर? मग रेषाच नाही, खुला खेळ चालू राहतो. २६ फेब्रुवारी २०१७ रोजी ट्विकनहॅमवर इटलीने इंग्लंडविरुद्ध याच फटीचा फायदा घेतला. टॅकल करायचं, पण रकमध्ये कोणाला घालायचंच नाही. तेव्हाच्या नियमानुसार रक नाही म्हणजे ऑफसाइडची रेषा नाही, त्यामुळे इटलीचे खेळाडू बिनधास्त इंग्लंडच्या पासच्या वाटेत जाऊन उभे राहिले. इंग्लंडच्या खेळाडूंनी पंच रोमँ प्वातना विचारलं की आता आम्ही करायचं काय, तर मी पंच आहे, प्रशिक्षक नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मध्यंतराला इटली १०-५ असा पुढे होता, शेवटी इंग्लंड ३६-१५ जिंकलं. त्यानंतर नियम बदलला. आता एक माणूस चेंडूवर आला तरी रेषा उभी राहते, म्हणजे आक्रमकांनाच आपला एक जण वर आणून ती आखता येते.

गोललाइनजवळ: रकचा मागचा पाय गोललाइनवर किंवा तिच्या मागे गेला, तर त्या संघाची रेषा गोललाइनच होते.

टप्पा ५: मॉल

चेंडूवाला उभाच आहे आणि दोन्ही संघांचा किमान एकेक जण त्याला बिलगलाय, तर तो मॉल. रेषेचा हिशेब रकसारखाच, सर्वांत मागचा पाय. मॉल सरकतो तशी रेषा सरकते, म्हणून बाहेर थांबलेल्यांनी पायाखाली लक्ष ठेवायचं. मॉलमधून सुटलेल्याने आपल्या रेषेच्या मागे जाऊन पुन्हा मागूनच यायचं.

टप्पा ६: स्क्रम आणि लाइनआउट

आधी आकडे पाठ करा: रक आणि मॉल शून्य, स्क्रम पाच, लाइनआउट दहा.

स्क्रममध्ये नसलेल्यांनी आपल्या संघाच्या मागच्या पायापासून ५ मीटर मागे राहायचं. स्क्रम-हाफचा हिशेब वेगळा, त्याची रेषा चेंडू. चेंडू जिंकलेल्या संघाच्या स्क्रम-हाफचा निदान एक पाय चेंडूच्या बरोबरीने किंवा मागे हवा, समोरच्याचे दोन्ही पाय मागे हवेत. चेंडू आठ नंबरच्या (स्क्रममधल्या सर्वांत मागच्या खेळाडूच्या) पायांशी आला म्हणून बॅक्सनी (स्क्रममध्ये नसलेल्या मागच्या खेळाडूंनी) सुटायचं नाही, स्क्रम संपला तरच.

लाइनआउटमध्ये नसलेल्यांनी चेंडू फेकण्याच्या रेषेपासून १० मीटर मागे थांबायचं, किंवा गोललाइन त्याहून जवळ असेल तर तिथे. रांगेत उभे असलेल्यांची रेषा चेंडू कोणाला किंवा जमिनीला लागेपर्यंत ती फेकण्याचीच, त्यानंतर चेंडू. बाजूच्या रेषेपासून पंधरा मीटरच्या पलीकडे चेंडू फेकला जात असेल तर तो हातातून सुटताच बॅक्स पुढे येऊ शकतात. अंदाज चुकला आणि चेंडू अलीकडेच पडला, तर पेनल्टी.

सावधान: लाइनआउटमधून मॉल झाला म्हणजे लाइनआउट संपला, असं नाही. मॉलमधल्या सगळ्यांचे पाय त्या फेकण्याच्या रेषेच्या पलीकडे गेले पाहिजेत. तोपर्यंत बॅक्स दहा मीटरवरच. गोललाइनपासून पाच मीटरवरच्या मॉलला मदत करायला बॅक्समधला एखादा सेंटर उत्साहाने धावत येतो आणि प्रतिस्पर्ध्याला फुकटची पेनल्टी देऊन जातो, ते यामुळेच.

पेनल्टी किंवा फ्री किक मिळालेल्या संघासमोरही प्रतिस्पर्ध्यांनी १० मीटर मागे जायचं असतं. चेंडू पायाने पटकन टॅप करून खेळला तरी ते मागे जाणं सुटत नाही. किक-ऑफला किक मारणाऱ्याचा संघ चेंडूच्या मागे हवा.

टप्पा ७: अवघड जागा

पहिली, अपघाती ऑफसाइड. चेंडू किंवा चेंडूवाला येऊन आपटला आणि ऑफसाइड खेळाडूला टाळणं शक्यच नव्हतं, तर पेनल्टी नाही. संघाला त्याचा फायदा झाला नसेल तर खेळ चालू, झाला असेल तर समोरच्यांना स्क्रम. ८ जुलै २०१७ रोजी ईडन पार्कवर न्यूझीलंड आणि लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्रित संघ) यांच्यातली तिसरी कसोटी १५-१५ असताना शेवटच्या मिनिटांत चेंडू लायन्सच्या लियाम विल्यम्सला लागून पुढे उभ्या असलेल्या केन ओवेन्सच्या हातात गेला. त्याने तो झेलला आणि चटका बसावा तसा सोडून दिला. आधी पेनल्टी दिली गेली, मग व्हिडिओ बघून ती अपघाती ऑफसाइड ठरली आणि स्क्रम मिळाला. सामना बरोबरीत, मालिका बरोबरीत. पंच पुन्हा प्वातच. माझं मत विचाराल तर ओवेन्सने चेंडू झेलला होता, आणि झेलणं म्हणजे आपटणं नव्हे. पण यावर आजही दोन तट आहेत.

दुसरी, नॉक-ऑननंतरचा ऑफसाइड. तुमच्या सहकाऱ्याच्या हातून चेंडू पुढे पडला आणि पुढे उभ्या असलेल्या तुम्ही तो उचलून प्रतिस्पर्ध्याची संधी हिरावली, तर स्क्रमऐवजी पेनल्टी. पण मध्ये प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून चेंडूला हात लावला असेल तर तुम्ही ऑनसाइड झालात, आणि मूळ नॉक-ऑनचा स्क्रम एवढंच उरतं. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत स्कॉटलंड ३४-३२ असा पुढे होता. पंच क्रेग जुबेरनी स्कॉटलंडच्या जॉन वेल्शला अशा प्रसंगी ऑफसाइड ठरवलं, ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड फोलीने पेनल्टी मारली, ऑस्ट्रेलिया ३५-३४. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीने (खेळाच्या जागतिक संघटनेने) सांगितलं की मध्ये ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सचा हात लागला होता, म्हणून स्क्रम द्यायला हवा होता. हा प्रसंग नाण्यांनी मांडून बघा, क्रमाने: कोणाच्या हातून सुटला, मध्ये कोणाला लागला, शेवटी कोणी उचलला. मधली पायरी वगळली की निकाल उलटतो.

टप्पा ८: पंचाचे हात वाचा

एक हात खाली सरळ सोडून तो रेषेच्या दिशेने झोक्यासारखा हलवला, तर रक, मॉल किंवा स्क्रमचा ऑफसाइड. दोन्ही उघडे हात डोक्यावर धरले, तर किकनंतरचा दहा मीटरचा. शिट्टी न वाजवता हात आडवा धरून पंच धावतोय, म्हणजे ॲडव्हान्टेज (चूक होऊनही समोरच्या संघाच्या फायद्यासाठी खेळ चालू ठेवणं) चालू आहे. फायदा झाला नाही तर तो मूळ जागी परत येईल. खुल्या खेळातल्या ऑफसाइडला समोरच्या संघापुढे दोन पर्याय असतात: गुन्हा झाला तिथे पेनल्टी, किंवा दोषी संघाने चेंडू शेवटचा खेळला तिथे स्क्रम. स्क्रमची जागा बऱ्याचदा खूप मागे, त्यांच्याच गोललाइनजवळ असते. अशा वेळी कर्णधार पंचाशी बोलत का थांबलाय, हे आता कळेल.

सराव: पहिली वीस मिनिटं

रेकॉर्डिंगची पहिली वीस मिनिटं दोनदा बघा. पहिल्यांदा नेहमीसारखी. दुसऱ्यांदा चेंडू बघू नका, बचाव करणाऱ्या संघाची रांगच बघा, त्यातही रकपासून दुसरा आणि तिसरा माणूस. प्रत्येक रकला तिथे थांबवा आणि बोट ठेवा: मागचा पाय कुठे, याचा पाय कुठे. कॅमेरा तिरका असतो, त्यामुळे गवतावरच्या आडव्या पट्ट्या आणि २२ मीटर व १० मीटरच्या खुणा पट्टीसारख्या वापरा. मैदानाच्या लांबच्या बाजूचा खेळाडू पडद्यावर पुढे असल्याचा भास होतो. खूण जवळ नसेल तेव्हा निकाल देऊ नका, पुढचा रक घ्या.